शेंदराखालचं उखळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला जरा जास्त हसला तरी मी आधी पातेल्यात डोकावते. माहेर भिवंडी शहरातलं, वडील कारकून. आमच्याकडे साधा शाळेचा दाखलासुद्धा दोनदा वाचल्याशिवाय कुणी सही करत नसे. पण लग्न होऊन खारबावच्या बाजूच्या या गावात आले आणि कळलं की मी अगदीच लिंबूटिंबू आहे. इथे अख्खं गाव संशयी, आणि तेसुद्धा एका दगडापायी.

वेशीजवळ आंब्याखाली शेंदराने माखलेला एक गोळा होता. कमरेइतका उंच, त्याला ना नाक ना डोळे. सगळे त्याला नुसतं ‘देव’ म्हणायचे. लग्न लागलं की नवरानवरी पहिली तिथे, नवी गाडी आली की पहिला नारळ तिथे, पोराचा दहावीचा निकाल लागला की पेढासुद्धा पहिला तिथेच. पण बाहेरच्या कुणी त्या देवाची चौकशी केली, की गावाचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. “देव? न्हाय बा. हितं काय न्हाय.” एवढ्यावर थांबतील तर ते आमच्या गावचे कसले? विचारणाऱ्याला चहा पाजायचे, पुढचा रस्ता दाखवायचे आणि तो रस्ता हमखास चुकीचा असायचा.

याचं कारण मला सासूबाईंनी सांगितलं होतं. इंग्रजांच्या वेळी एक साहेब या भागात कोरीव दगड बघत फिरत होता. शेजारच्या गावातला दगड त्याने ‘वाचून परत पाठवतो’ म्हणून बैलगाडीत घालून नेला. तो काही परत आला नाही. त्या गावात आजही रिकाम्या चौथऱ्याला हळदकुंकू वाहतात, मी स्वतः पाहिलंय. तेव्हापासून आमच्या गावाने कानाला खडा लावला, की परक्या माणसाला देव दाखवायचा नाही. सासूबाईंनी मला मसाल्याचं प्रमाण शिकवायच्या आधी हे खोटं बोलायला शिकवलं.

आता गंमत बघा. मी भिवंडीच्या शाळेत इतिहास शिकवते, अधूनमधून वर्तमानपत्रात लिहितेही. फळ्यापुढे उभी राहून ‘आपला वारसा आपणच जपला पाहिजे’ असं दरवर्षी घसा खरवडून सांगते. आणि एकदा पुण्याचे एक प्राध्यापक गळ्यात कॅमेरा अडकवून आमच्या दारात आले, तेव्हा मीच त्यांना वज्रेश्वरीच्या रस्त्याला लावून दिलं. म्हटलं, कुंडांजवळ विचारा, तिकडे पुष्कळ जुने दगड आहेत. बिचारे आभार मानून गेले. मला काही वाईटबिईट वाटलं नाही. त्यांनी आल्या आल्या आमच्या अंगणाची, तुळशीची, अगदी पापडांचीसुद्धा स्तुती केली होती. इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

पण मला सांगायचंय ते काकींबद्दल.

काकी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या चुलत भावाची बायको, म्हणजे नात्याने माझ्या चुलत सासूबाई. तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. गावाच्या टोकाला त्यांचं कौलारू घर आणि घरामागे आमची शेतं. त्या शेतांमधून एक जुना, चांगला रुंद बांध जायचा. दर अवसेला दिवेलागणीच्या वेळी काकी एक पणती आणि मूठभर तांदूळ घेऊन त्या बांधावर जायच्या. पणती ठेवायच्या, थोडा वेळ बसायच्या, परत यायच्या. का, म्हणून कुणी विचारलं तर उत्तर नाही. ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

मग गावाने आपलं उत्तर आपणच ठरवलं. बाई करणी करते.

हे नुसतं चहाड्यांपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या मोठ्या जाऊबाईंची पहिली मुलगी काही महिन्यांची असताना तापाने गेली. ती गेली त्या दिवशी अवस होती, आणि त्या संध्याकाळी जाऊबाईंनी काकींना बांधावर बसलेलं पाहिलं होतं. झालं. त्या दिवसापासून जाऊबाईंनी काकींचं तोंड पाहिलं नाही. काकींच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नसे. बारशाला त्यांचं ताट बाहेर अंगणात दिलं जायचं. कुणाच्या पोराला ताप आला की काकींच्या दारात टाचण्या टोचलेलं लिंबू पडायचं, आणि सकाळी काकी ते निमूटपणे केराबरोबर झाडून टाकायच्या.

मी त्यांच्याकडे चहा प्यायचे. करणीबिरणीवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि सगळं गाव ‘पिऊ नको’ म्हणालं की मला हटकून तहान लागते. पण म्हणून मी काही संत नव्हे. मलाही काकींचा संशय होताच, फक्त तो वेगळा होता. मला वाटायचं, ही म्हातारी वर्षानुवर्षं त्या बांधावर बसून वहिवाट दाखवतेय. उद्या जमिनीचा भाव वाढला की म्हणेल, हा बांध माझा. शिकलेल्या बाईचा संशय, दुसरं काय. बाकीच्यांना भूत दिसत होतं, मला कोर्ट दिसत होतं.

एकदा मात्र चहाचा कप माझ्या हातात देताना त्या एकदम म्हणाल्या, “मी मेल्यावर मयताला तरी येतील का गं ही मानसं? का तवा बी लांबूनच बगतील?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या बाईला आयुष्याकडून दुसरं काहीच नको होतं. आपली पाठवणी तरी माणसासारखी व्हावी, एवढंच.

मग गोदामं आली. भिवंडीजवळच्या पूर्णा गावाच्या बाजूला तर आता शेत कुठे होतं ते विचारावं लागतं, नुसते पत्रे आणि कंटेनर. ती लाट सरकत सरकत आमच्यापर्यंत आली. माझे मोठे दीर, म्हणजे या जाऊबाईंचे यजमान, गावच्या जमिनीच्या व्यवहारांत पुढे असतात. वेशीपासून मागच्या शेतांपर्यंतचा सगळा पट्टा गोदामाला द्यायचं त्यांनी ठरवलं. कंपनीतर्फे एक माणूस यायचा. इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार, बायकांना ‘ताई’ आणि म्हाताऱ्यांना ‘माउली’. दिरांनी त्याला देवाचं आधीच सांगितलं असणार, कारण त्याने ती गोष्ट स्वतःहून काढली. म्हणाला, तुमच्या देवाला आम्ही संगमरवरी देऊळ बांधून देतो, कळस, घंटा, लाइटिंग, सगळं आमच्याकडून. गाव खूश! माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. नकाशा मागून घेऊन पाहिला तर देव बसला होता बरोबर ट्रकच्या रस्त्याच्या मधोमध. देऊळ होणार होतं ते पलीकडे, कोपऱ्यात, संडासांच्या ओळीशेजारी.

मी हे दिरांना दाखवलं. ते म्हणाले, देवाचा कौल घेऊ. घेतला. कौल विचारणारे तेच, लावणारे तेच आणि काय लागला ते सांगणारेही तेच. देव जायला तयार आहे, असं जाहीर झालं.

देव हलवायच्या दिवशी सगळं गाव आंब्याखाली जमलं होतं. गुरुजी, नारळ, हार, मोबाइल वर धरलेली पोरं. मजुरांनी गोळ्याभोवती काथ्याचे दोर बांधले, खाली पहारी घातल्या आणि जोर लावला. गोळा हलला आणि कडकन आवाज होऊन शेंदराचं कवचच फुटलं. मोठमोठ्या खापऱ्या गळून पडल्या. आतला दगड आडवा झाला आणि त्याचं बूड सगळ्यांसमोर आलं. बूड कसलं, तोंडच ते. मधोमध गुळगुळीत, खोल, गोल खड्डा.

मग गर्दीतली एक बाई हळूच म्हणाली, “अगो, हे तं उखळ हाय.”

उखळच होतं. भात कांडायचं, जुन्या घरांतून असायचं तसं मोठं दगडी उखळ, उपडं घालून वर शेंदूर थापलेलं. इतकी लग्नं, इतके नारळ, इतके नवस सगळे उखळाला. गुरुजींनी हातातला हार हळूच पिशवीत घातला.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू. देव चोरीला गेला! कुणी नेला? कंपनीच्या माणसाने नेला. छे, त्या पुण्याच्या कॅमेरावाल्याने नेला. माझ्या दिरांनीच परस्पर विकला, असंही दोघातिघांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण त्यांच्यासमोर बोलणार कोण? दिरांची नजर माझ्यावर. सरकारी माणसं आणून गोदाम अडवायचा माझा डाव आहे, असं त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. आणि मग जाऊबाई म्हणाल्या, “तिनंच केलंय. त्या टोकावरल्या बाईनं.” बस्स. सगळ्या संशयांना एकदम एक दार सापडलं.

मी फुटलेल्या कवचाचा एक तुकडा उचलून पाहिला. वीतभर जाड. वर ताजा केशरी, त्याच्या आत विटकरी, त्याच्या आत काळपट, असा थरावर थर. माझं बाकीचं शिक्षण वाया गेलं असेल, पण एवढं कळत होतं, की इतका शेंदूर चढायला पिढ्या लागतात. म्हणजे हे उखळ इथे आजचं नाही. आत्ता जिवंत असलेल्या कुणीही देव पळवलेला नाही. मी हे मोठ्याने सांगितलं. ऐकतंय कोण? देव शोधण्यापेक्षा चोर सापडला याचंच समाधान जास्त होतं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अंथरुणाला खिळलेली माणसंसुद्धा खुर्चीत बसून आली होती, आणि काकी आल्या नव्हत्या.

मी गेले त्यांच्याकडे. ओटीवर बसून त्या सुकट निवडत होत्या. मी म्हटलं, देवाच्या जागी उखळ निघालं. त्यांनी मान वर केली नाही. “मना काय ठावं,” एवढंच बोलल्या. कुणी असं ऐकलं तर निदान ‘अगं बाई’ तरी म्हणेल की नाही? या निवडतायत आपली सुकट! माझी खात्री झाली. मी खोदून खोदून विचारलं, त्यांनी उडवून लावलं. मी रागावले, त्या सुकटच निवडत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, तुम्हाला गावातून काढायचं म्हणतायत, संध्याकाळी बैठक आहे, दीर सांगणार आहेत की हिला माहेरी पाठवा. त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, माहेरी कोण हाय? हसू मात्र चेहऱ्यावर टिकलं नाही.

उठता उठता मी सहज बोलून गेले, की उद्यापासून तुमच्या घरामागच्या शेतात भराव टाकायला घेतायत, सकाळी जेसीबी येऊन आधी बांध तोडणार.

सुकट निवडणारा हात थांबला. “कंचा बांध?”

“तोच. तुमचा पणतीचा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मी दूधवाल्याकडे बघते ती. मग त्यांनी विचारलं, “सायबाला देनार न्हाय ना?”

“कोणत्या साहेबाला? साहेब गेले हो काकी, कधीच गेले.”

“कुटं गेलं?” त्या म्हणाल्या. “आता मराठी बोलतात, येवराच फरक.”

मग त्यांनी सांगितलं. शेजारच्या गावातला दगड गेला तेव्हा आमच्या गावच्या लोकांनी साहेब यायच्या आत खरा देव काढून बांधात पुरला, उपडा, तोंड जमिनीकडे करून. त्याच्या जागी काकींच्या घरातलं उखळ घालून शेंदूर फासला. साहेब आला, त्याने बिनतोंडाचा गोळा पाहिला आणि निघून गेला. पुरणाऱ्या माणसांनी ठरवलं की हे पुरुषांत राहायला नको, ताडी पोटात गेली की बाहेर पडेल. ते ज्या घरातलं उखळ, त्या घरच्या बाईकडे राहील आणि सासू ते सुनेला सांगेल. देवाला न विचारता मातीत घातलाय, तेव्हा अवसेला दिवा दाखवायचा, त्याला एकटं वाटू द्यायचं नाही. साहेबलोक गेले की बाहेर काढायचं. काकींच्या सासूने काकींना सांगितलं. काकींना सून नव्हती. आणि साहेबलोक गेले की नाही हे नक्की कुणी ठरवायचं, ते कुणीच सांगून ठेवलं नव्हतं. त्यांनी बघितलं ते असं, की मोजणीवाले येतात, पाट्या लावणारे येतात, नकाशेवाले येतात. मग त्यांनी तोंड मिटून ठेवलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, मग सांगायचं होतं ना! एक शब्द बोलला असतात तर तुमच्यावरचं हे किटाळ कधीच गेलं असतं.”

“सांगितलं असतं तं देव गेला असता,” काकी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र चिडलेला होता. “तुना सांगावं वाटलं लई येला. पन तू लिवतेस.”

लिहिते, हे खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला तेव्हा काकी बांधावर मांडी घालून बसल्या होत्या. मी शाळेला दांडी मारून शेजारी उभी. जेसीबीचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, ‘अम्मा, साइड हो जाओ’ म्हणून विनवत होता. दीर आले ते तावातावानेच. गाव मागोमाग. बैठकीत आदल्या संध्याकाळी काकींना घालवायचा निकाल लागलेलाच होता, आता तमाशा बघायचा होता. जाऊबाईही आल्या, पदर खोचून, लांब उभ्या राहिल्या.

काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, “हितं देव हाय. खाली, उपडा पुरलेला.”

आता याला काय म्हणायचं? परक्यांशी पिढ्यान्‌पिढ्या खोटं बोलणारं गाव, त्याला आपल्याच माणसाचं खरं ओळखू येईना. कुणी हसलं, कुणी म्हणालं वेड लागलं. दीर माझ्याकडे वळले. हे मास्तरीणबाईंचं डोकं, म्हातारीला पुढे करून काम अडवायचं, मग ऑफिसातून माणसं आणायची. मीही मग मागचापुढचा सगळा उद्धार केला. कौल, नकाशा, संडासाशेजारचं देऊळ, काही शिल्लक ठेवलं नाही. आमचे हे मध्ये पडून मला ‘जाऊ दे’ म्हणत होते. जाऊ काय दे?

शेवटी तो ड्रायव्हरच कंटाळला. “झगड़ा काहे को? खोद के देख लेते हैं.” एवढ्या शहाण्या माणसांत एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं.

त्याने बांधाची कड हलकेच खरवडली. आधी मातीबरोबर निघाल्या त्या पणत्या. फुटक्या, काळ्या पडलेल्या, एकीत एक दबलेल्या. वरवरच्या होत्या त्या आजच्या कुंभारवाड्यातल्यासारख्या, खालच्या जाड, बसक्या, हाताने वळलेल्या. खच होता नुसता. मग जेसीबी थांबवून पुरुषांनी फावडी आणि पहारी घेतल्या. दगडाची पाठ लागली. सगळ्यांनी मिळून तो उपसला आणि उताणा केला.

लांबट, पुरुषभर उंचीचा काळा दगड. वर चंद्र आणि सूर्य, मधे ओळींमागून ओळी कोरलेल्या, आणि सगळ्यात खाली एक गाढव आणि एक बाई. काय ते मी लिहीत नाही, सगळ्यांना दिसत होतं. पुरुष आधी फिदीफिदी हसले, मग बायका शेजारी आहेत हे लक्षात येऊन खाकरले. असे दगड मला पुस्तकातून माहीत होते. जुन्या राजांनी दिलेल्या जमिनीच्या दानाचा दगड, आणि खाली शिवी. जो हे दान मोडेल त्याच्या आईवर. मी सगळ्यांना तसं सांगितलं. ओळी मात्र मला वाचता येईनात. कोणता गव्हर्नर कधी आला नि कधी गेला, ते मला झोपेत उठवून विचारा, घडाघडा सांगते. आणि माझ्याच शेतात निघालेला दगड माझ्याशी बोलत नव्हता. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, आणि ते भक्तीचं नव्हतं, संतापाचं होतं. शिव्या द्यायला साहेबही समोर नव्हता.

दीर जवळ आले. सकाळचा आवाज पार उतरला होता. हळूच विचारतात, “हे विकनाऱ्याला पन लागू होतं का?”

म्हटलं, वाचून घेते आणि सांगते.

वाचून घ्यायचं काम अजून चालू आहे. एका जाणत्या बाईंना मी बोलावलंय, अट एकच, की दगड गावातून हलणार नाही. त्या बाईंची सगळी चौकशी मी आधी करून घेतली आहे. गोदामाची भिंत किती वळवायची यावर रोज भांडण होतं. उखळाचं काय करायचं यावरही होतं, कारण निम्म्या गावाचं म्हणणं, नवस तर त्याच्याकडेच फळले. ही भांडणं चालू राहतील. मला सांगायचंय ते त्या सकाळचंच.

दगड उभा केल्यावर बायकांनी घरून शेंदूर आणि तेल आणलं. पहिला हात कुणाचा? सगळ्या काकींकडे वळल्या. ज्या बाईला उखळालासुद्धा हात लावू देत नव्हते, तिला आता ‘या काकी, या ना’ म्हणून पुढे ढकलायला लागल्या. काकींनी वाटीकडे पाहिलं. “लावा तुमचं तुमी,” त्या म्हणाल्या. “माज्या दारात लिंबं टाकली तवा इचारलं व्हतं कुनी?” आणि चालायला लागल्या. मी त्यांना इतकं सरळ चालताना कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगलं झालं म्हटलं.

जाऊबाई इतका वेळ खणलेल्या मातीपाशी उभ्या होत्या. त्यांनी वाकून एक पणती उचलली, अंगठ्याने तिच्यातली माती काढली. ती कोणत्या अवसेची, हे सांगायला कुणीच नव्हतं. तान्ह्या मुलीच्या दुःखाला त्यांनी आयुष्यभर एक माणूस धरून ठेवला होता, राग करायला, शाप द्यायला. आता तो माणूस हातातून सुटत होता, आणि मुलगी तर गेलेलीच होती. मला त्यांची भीती वाटली. वाटलं, पणती फेकून मारतात की काय.

त्या काकींच्या मागे निघाल्या. मग आम्ही सगळ्याच निघालो.

काकी घरात जाऊन दार लावत होत्या. जाऊबाई ओटीच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. किती वर्षांत त्यांनी त्या घराच्या सावलीत पाऊल टाकलं नव्हतं. अंगणात आम्ही बायका, पलीकडे दीर, सगळे पुतळ्यागत उभे. जाऊबाईंनी खोचलेला पदर सोडला. शेवटी म्हणाल्या, “काकी, पानी द्या.”

दार अर्धं लावलेलं तसंच राहिलं. मला वाटलं, नाही देणार. दिलं नाही तरी त्यांना कोण नावं ठेवणार होतं? मग माठावरचं झाकण वाजलं आणि काकी तांब्या घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी जाऊबाईंच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि मागे सरल्या.

जाऊबाईंनी तो उचलला. तोंडाला लावला आणि डोळे मिटून प्यायला लागल्या. काकी दाराची चौकट धरून, किंचित पुढे वाकून, त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या, पाणी खरंच खाली उतरतंय का ते.